नागपूर: स्वस्त मेकॅनिकल कीबोर्डवर काना दोनदा पडतो, दुरुस्त करू की नवा घेऊ?

मानेवाड्याला राहतो, घरूनच मराठी डीटीपी करतो. ब्लू स्विचचा (प्रत्येक कीखाली टकटक वाजणारा वेगळा स्विच असलेला) स्वस्त कीबोर्ड आहे. मे लागला आणि इन्स्क्रिप्ट या मराठी की-मांडणीतला काना, म्हणजे इंग्रजी E-ची की, दोनदा उमटू लागला. 'राम' लिहिलं की 'रााम'. ब्रशने झाडलं की थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. पुस्तकाचं काम अंगावर आहे. जाणकारांनी सांगा.

— भाऊ, नवा घ्यायची घाई नका करू. याला चॅटर म्हणतात. स्विचमधली तांब्याची पातळ पट्टी टेकताना क्षणभर थरथरते. चांगल्या स्विचमध्ये ते ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतं आणि कंट्रोलर (कीबोर्डमधली दाब मोजणारी चिप) तेवढा वेळ सोडून देतो. पट्टीवर धूळ, ऑक्साइड साचलं की थरथर लांबते आणि एका दाबाचे दोन मोजले जातात. ब्रश तिथवर पोहोचतच नाही. आपल्याकडे त्यात कूलरची भर: ओली हवा थेट टेबलावर येत असेल तर आधी त्याचं तोंड फिरवा.

हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डर न करता सॉकेटमधून स्विच उपटून बदलता येणारा, आहे का बघा. असेल तर केबल काढून E आणि स्क्रोल लॉकचे स्विच आपसात बदला. दोष स्विचसोबत गेला तर स्विच खराब. E-च्याच जागी राहिला तर सॉकेट किंवा सोल्डर. एवढं कळल्याशिवाय एक रुपयाही घालवू नका! बसवताना पिना सरळ आहेत ना ते पाहा, वाकलेली पिन आत दुमडते आणि की मुकी होते.

— वरच्या सल्ल्याशी सहमत. सोल्डर केलेला असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, स्विच दाबून धरून दोन थेंब सोडा, भरपूर वेळा दाबा, पूर्ण सुकल्यावरच केबल लावा. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे अजिबात नको, त्यावर धूळ चिकटते. तरी नाही जमलं तर सीताबर्डीवर लॅपटॉप दुरुस्तीवाल्याला स्विच बदलून देतो का विचारा, दोन पिनांचंच सोल्डर काम आहे. अख्खी ओळ बंद पडली असती तर मात्र मी नवाच घ्या म्हटलं असतं.

— हॉट-स्वॅपच निघाला. दोष स्क्रोल लॉकवर गेला, काना एकदम नीट! आता सुटे स्विच कोणते मागवू?

— आउटेमू या कंपनीचेच. त्यांच्या पिना बारीक असतात, काही स्वस्त बोर्डांच्या सॉकेटमध्ये दुसऱ्या जाड पिना जातच नाहीत. पाच पायांचे आले तर प्लास्टिकचे दोन बारीक पाय नेलकटरने छाटा, मधला जाड खुंट तसाच ठेवा.