अयुक्लिडीय भूमितीच्या श्रेयात गाऊस कशाला हवा?

कंपासपेटी
रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा काढता येते, हे आपण शाळेत निमूट मान्य केलं. युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाचंच हे सोपं रूप. दोन हजार वर्षं लोक ते बाकीच्या चारांवरून सिद्ध करायला धडपडले. साकेरी या इटालियन गणितीने तर १७३३ मध्ये त्यापायी अख्खं पुस्तक लिहिलं. कोंडी फोडली ती रशियातल्या कझानच्या लोबाचेव्हस्कीने (१८२९) आणि हंगेरियन यानोश बोयाईने (१८३२). अशा समांतर रेषा अनेक मानल्या तरी भूमिती कोसळत नाही, फक्त त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते. हीच अयुक्लिडीय भूमिती. मग या दोघांच्या आधी जर्मन गणिती गाऊसचं नाव का घेतात? त्याने ही भूमिती हयातीत कधी छापलीच नाही. यानोशचे वडील गाऊसचे कॉलेजातले मित्र. त्यांनी पोराचं काम पाठवलं, तर उत्तर आलं: याची स्तुती म्हणजे माझीच स्तुती, हे तीस-पस्तीस वर्षं माझ्या डोक्यात आहे. पोरगं खचलं.

तिरपी रेषा
डोक्यात होतं हे खोटं नाही ना पण! १८२४ मध्ये टाउरिनुस या हौशी गणितीला लिहिलेल्या पत्रात गाऊस स्वच्छ सांगतो, की बेरीज १८० पेक्षा कमी धरली तर वेगळी पण पूर्ण सुसंगत भूमिती मिळते. दोघांच्याही छपाईच्या आधी. न छापण्याचं कारणही त्याने १८२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलला कळवलंय: अडाण्यांचा गलका नको.

कंपासपेटी
त्याच टाउरिनुसला त्याने बजावलं होतं, की हे खाजगी समज, बाहेर वापरू नकोस. म्हणजे गलका दुसऱ्यांनी सोसायचा आणि ‘मला आधीच ठाऊक होतं’ म्हणायला हा मोकळा. लोबाचेव्हस्कीने सोसला. पीटर्सबर्गला ओस्त्रोग्राद्स्की या बड्या गणितीने त्याचं काम धुडकावलं, छापून टिंगलही झाली. आणि बोयाई अव्वल दर्जाचा प्रतिभावंत आहे, हे गाऊसने लिहिलं कुणाला? आपला जुना विद्यार्थी गेरलिंगला! पोराला दोन ओळी टाकल्या असत्या तर काय बिघडत होतं?

जुना मास्तर
माणूस म्हणून तो कद्रू होता, मान्य. (लोबाचेव्हस्कीला १८४२ मध्ये ग्योटिंगेनच्या विद्वत्सभेवर त्यानेच घेतलं, तेवढं मात्र जमेस धरा.) पण तुम्ही दोघंही चुकीच्या खात्यात हिशोब मांडताय. मोसंबीची साल पाटावर दाबून सपाट करून बघा. फाटते. वर्गात मी हे दरवर्षी करतो, पोरं सालीपेक्षा फोडींकडे बघतात ते सोडा. ती का फाटते, याचं गणित गाऊसने १८२७ मध्ये रीतसर *छापलं*: पृष्ठाची वक्रता त्याच्यावरच्याच मोजमापांतून काढता येते, पृष्ठ न ताणता वाकवलं तरी ती बदलत नाही; सालीची वक्रता सपाट पाटाहून वेगळी, म्हणून ती फाटते. पुढे १८५४ मध्ये त्याचा विद्यार्थी रीमान याने विद्यापीठात शिकवण्याची पात्रता मिळवायच्या व्याख्यानासाठी तीन विषय दिले, गाऊसने मुद्दाम तिसरा निवडला, भूमितीच्या पायाचा. रीमानने तिथे हीच वक्रता कितीही मितींत नेली, आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० हून कमी की जास्त, हे या वक्रतेवरच ठरतं. समांतर रेषांचं श्रेय त्या दोघांना द्या, वक्रतेचं याला.

कंपासपेटी
मास्तर, ही वाटणी मंजूर.

तिरपी रेषा
मला नाही. बोयाईला एवढं सोवळं कशाला करता? १८४८ मध्ये लोबाचेव्हस्कीचं पुस्तक हाती आलं, तेव्हा त्याला संशय आला की असा कुणी माणूसच नाही, हा गाऊसचाच डाव आहे.

कंपासपेटी
दुधाने तोंड पोळलं होतं हो त्याचं.