कोकमाची मागे राहिलेली रोपं फेकू नका

रोपवाटिकेतली उशिरा उगवलेली, खुरटी रोपं सरसकट उपटावीत असं एक मत मांडलं जातं; कोकमाबाबत ते मला अजिबात पटत नाही. बी सुकली की मरते, म्हणून गर धुऊन लगेच पेरायची, इतकं मान्य. पण ताजी बीसुद्धा मागेपुढेच उगवते. एका रोपाला तांबूस कोवळ्या पानांची दुसरी जोडी फुटते तेव्हा शेजारचं नुकतं माती फोडत असतं. त्यात नर-मादी झाडं बहुधा वेगळी, आणि कुठलं रोप मादी हे फुलोऱ्यापर्यंत, म्हणजे ६-७ वर्षं, कळतच नाही! रानातला कोकम आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेल्या, गटात आहे, तिथे ही विविधता वाफ्यातच का छाटायची? कलमांच्या खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपासाठी, जोमदार रोपं जरूर निवडा. रानात लावायची असतील तर संथ रोपांना पिशवीत आणखी एक पावसाळा द्या.