धावपळीच्या दिवसांतलं झटपट, पौष्टिक जेवण: तुमचे अनुभव

कामावरून दमून आल्यावर अर्ध्या तासात ताजं, पोटभरीचं आणि पौष्टिक जेवण ताटात कसं आणता, हे रोज करणाऱ्यांकडून ऐकायचं आहे. पाककृती हव्या तितक्या मिळतात. मला हवं आहे त्याच्या आधीचं: काय करून ठेवता, काय मुद्दाम करत नाही, कशात तडजोड चालते आणि कशात अजिबात नाही.

सुरुवात मीच करते. माझा वेळ शिजवण्यात फारसा जात नाही, ठरवण्यात जातो. म्हणून प्रत्येक वाराला एकच गोष्ट नेमून टाकली आहे: सोमवारी मसूर, मंगळवारी अंडी, बुधवारी हरभरे, गुरुवारी मासे, शुक्रवारी जे उरलं असेल ते. पदार्थ ठरवत नाही, फक्त प्रथिनं कशातून येणार तेवढं ठरवते. मग त्या दिवशी हाताला लागेल ती भाजी, सोबत भात किंवा बटाटे. अंड्यांचं कधी पातळ कालवण होतं, कधी भरपूर कांदा-टोमॅटो घालून भुर्जी. विचार करायला फार काही उरत नाही, त्यामुळे दमलेल्या अवस्थेतही हात चालू लागतात.

आता तुम्ही लिहा. लांबलचक लिहिलं तरी चालेल.

*

मी रुग्णालयात रात्रपाळी करते. पहाटे भूक लागते तेव्हा हाताशी नीट जेवण नसेल तर बिस्किटांवरच वेळ निभावते, म्हणून डबा ठरलेला: भात, उकडलेली अंडी, मटार-गाजर, एखादं फळ. सालासकट उकडलेली अंडी फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात आणि एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. याहून कमी कष्टाचं मला तरी काही सापडलेलं नाही.

भाताबद्दल मात्र कळकळीने सांगते. शिजलेला भात तासन्‌तास ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मी भात झाला की पसरट ताटात काढते, वाफ गेली की डब्यात भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवते. हे सगळं तासाभराच्या आत. खाताना एकदाच, पण वाफा येईपर्यंत गरम करायचा. फ्रीजचं तापमान ५ अंशांच्या खाली आहे ना, हेही अधूनमधून पाहा.

*

एकटा राहतो. माझा सगळा कारभार एका कुकरवर चालतो.

एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मसूर डाळ धुवून निथळत ठेवतो. लसूण सगळ्यात आधी ठेचतो आणि बाकीची तयारी होईपर्यंत, दहाएक मिनिटं, तसाच राहू देतो. लसणातलं अ‍ॅलिसिन, म्हणजे त्याला उग्र वास देणारं द्रव्य, ठेचल्यावर तयार होतं, लगेच तेलात टाकलं तर त्याला वेळच मिळत नाही. मग कुकरमध्ये थोडं तेल, जिरं, तो लसूण, कांदा. कांदा लाल करत बसत नाही, काचेसारखा झाला की पुरे. त्यावर गाजर, फरसबी, फ्लॉवर, जे असेल ते. भाजी तांदळापेक्षा जास्त असलीच पाहिजे, हा माझा एकमेव नियम. हळद, मीठ, डाळ-तांदूळ आणि चार वाट्या पाणी, तेही उकळतं. उकळत्या पाण्याने दाब लवकर धरतो. दोन शिट्या झाल्या की गॅस बंद.

दाब आपोआप उतरेपर्यंत मी अंघोळ करून येतो. झाकण उघडलं की डाळ पार विरघळलेली असते आणि भाजीचे तुकडे वर आलेले असतात. त्यात दोन मुठी चिरलेला पालक ढवळायचा. त्याच उष्णतेत तो मऊ होतो, हिरवाही राहतो. वाढून घेतल्यावर लिंबू. लिंबू चवीसाठी तर आहेच, पण डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. चहा-कॉफीने नेमकं उलट होतं, त्यामुळे जेवणानंतर तासभर तरी ती टाळतो.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक. डाळीत जे अमिनो आम्ल भरपूर असतं ते तांदळात कमी असतं आणि तांदळात असतं ते डाळीत कमी. म्हणून ही जोडी मिळून पूर्ण जेवण होतं. मला याचा कंटाळा येत नाही. भाज्या बदलल्या की चव बदलते.

*

सुट्टीच्या दिवशी आठवडाभराचा स्वयंपाक करून ठेवण्याला माझा विरोध आहे आणि तो नोंदवून ठेवते. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच चांगलं राहतं. शुक्रवारपर्यंत ते खायचं म्हणजे एकतर धोका किंवा फेकाफेक. शिवाय सुट्टी सगळी ओट्याशी जाते आणि ती बहुतेक घरांत बाईचीच जाते, हे सांगायलाच हवं.

मी तयारी करते, स्वयंपाक नाही. पालेभाजी निवडून, धुवून, कोरडी करून कापडात गुंडाळून ठेवायची. आलं-लसूण वाटून ठेवायचं. कडधान्य भिजवायचं. पाऊण तासात उरकतं आणि घरातले सगळे हात लावतात.

*

कडधान्यांचा विषय निघालाच आहे तर माझी पद्धत सांगतो. हरभरे, राजमा, चवळी यांपैकी एक रात्री भिजवतो, सकाळी ते पाणी ओतून टाकतो, नव्या पाण्यात कुकरला लावतो आणि पूर्ण गार झाल्यावर एका जेवणापुरते भाग करून पिशव्यांत भरतो. पिशवी आडवी ठेवून हाताने सपाट करायची. पातळ थर लवकर गोठतो आणि लवकर सुटतो, जाड गोळा केला तर संध्याकाळी तो फोडत बसावं लागतं. उणे १८ अंशांना या पिशव्या दोन-तीन महिने सहज टिकतात. घरी आल्यावर कांदा-टोमॅटो परतेपर्यंत हरभरे सुटे झालेले असतात. टोमॅटो तेलात चांगला शिजू द्या, त्यातलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य तसं जास्त मिळतं.

राजम्याला मात्र वेगळा न्याय. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं, त्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात. ते घालवायला खळखळून उकळी लागते, निदान १० मिनिटं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्याने चिंता नाही. पण मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं वापरत असाल तर त्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. आधी गॅसवर नीट उकळून घ्या.

*

माझी बोटं संधिवाताने आखडली आहेत. चिरणं हाच माझ्यासाठी सगळ्यात अवघड भाग, म्हणून गोठवलेल्या भाज्यांच्या बाजूने बोलते. त्यांच्याकडे कमीपणाने पाहिलं जातं, ते बरोबर नाही. मटार किंवा मका तोडल्यावर थोड्याच वेळात उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. त्यात थोडं क जीवनसत्त्व जातं हे खरं, पण नंतरची घट थांबते. चार दिवस टोपलीत पडलेल्या 'ताज्या' मटारातही ते कमी झालेलंच असतं. पाकिटावर एवढंच पाहा की भाजीशिवाय मीठ किंवा सॉस घातलेला नाही ना. मी पाकीट फोडून भाजी थेट गरम कढईत टाकते, वितळू देत नाही. वितळवली की पाणी सुटून लगदा होतो.

*

दोन लहान मुलं, दोघांच्या आवडी वेगळ्या. एकच पदार्थ सगळ्यांना आवडावा हा हट्ट आम्ही सोडला आणि संध्याकाळ शांत झाली. मधे भात, बाजूला वाट्या: उकडलेले हरभरे, काकडी, किसलेलं गाजर, दही, अंड्याच्या फोडी, भाजलेले दाणे. ज्याने त्याने आपलं ताट लावायचं. अट एकच, निम्मं ताट भाजीने भरलेलं हवं, कोणती ते मुलांनी ठरवावं. धाकटा बरेच दिवस फक्त काकडी घेत होता. आम्ही काही बोललो नाही. हल्ली तो गाजरही वाढून घेतो.

*

वडिलांना रक्तदाब आहे, त्यामुळे आमच्याकडे झटपट म्हणजे पाकिटातलं सूप किंवा बाटलीतला सॉस असं चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात तयार पदार्थांतलं लपलेलं मीठही मोजायचं. मी शिजवताना अर्धंच घालते आणि चव लिंबू, मिरपूड, भाजलेलं जिरं, कोथिंबीर यांनी भरून काढते. सुरुवातीला वडील कुरकुरले. काही आठवड्यांत जीभ सरावली आणि आता बाहेरचं त्यांनाच खारट लागतं.

*

माझं दोन ओळींत: ओट्स, दूध, केळं, मूठभर बदाम. कधीकधी रात्रीचं जेवणही हेच असतं आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

*

आडव्या पिशव्यांची युक्ती छान आहे. पालकही तसा गोठवता येईल का? निवडून ठेवलेला तिसऱ्या दिवशी पिवळा पडायला लागतो.

*

येतो. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग घट्ट पिळून सपाट थर करून गोठवायचा. नंतर डाळीत किंवा अंड्यांत घालायला उत्तम. कच्चा खायचा असेल तर मात्र ताजाच आणायचा.