बॉब प्रोबर्ट: २९ गोल की ३३०० मिनिटं?

लालपंखी (धागाकर्ता)

परवा आमच्या मिशिगनच्या मराठी मित्रांत जेवणं झाल्यावर बॉब प्रोबर्टचं नाव निघालं. एकाने विषय तिथल्या तिथे मिटवला: "तो कसला खेळाडू! पगारी गुंड होता." मला ते झोंबलं. १९८६ मध्ये शिकायला आलो तेव्हापासून मी डेट्रॉइट रेड विंग्जचा पंखा आहे. या माणसाला मी खेळताना पाहिलंय.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएचएल ही अमेरिका-कॅनडाची व्यावसायिक आईस हॉकी लीग. तिथे दोघं हातमोजे टाकून भिडले तर त्यांना पाच-पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात, पण सामन्यातून हाकलत नाहीत. त्यामुळे प्रत्येक संघ एक दांडगा गडी बाळगून असायचा. आपल्या हुकमी खेळाडूला कुणी वाकडा हात लावला की या गड्याने जाऊन हिशोब चुकता करायचा. याला एन्फोर्सर म्हणतात. सहा फूट तीन इंचांचा प्रोबर्ट त्यातला सगळ्यात धाकाचा. कारकिर्दीत एकूण ३३०० पेनल्टी मिनिटं!

पण १९८७-८८ चा हंगाम बघा. ७४ सामने, २९ गोल, ३३ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास). ऑल-स्टार सामन्यात निवड. मार्चमध्ये कप्तान स्टीव्ह आयझरमनचा गुडघा दुखावला, तो बादफेरीत जेमतेम खेळला, आणि प्रोबर्टने १६ सामन्यांत २१ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) काढून डेट्रॉइटचा महान खेळाडू गॉर्डी हाऊ याचा संघातला जुना विक्रम मोडला. हाऊचा! गुंडाला हे जमत नाही. गोलसमोरच्या गर्दीत, पाठीवर दोन माणसं लोंबकळत असताना तो पक (रबरी चकती) अलगद वळवायचा. एवढ्या मोठ्या पंजात एवढी नजाकत कुठून यायची, हे मला आजही कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच: एक अस्सल फॉरवर्ड होता, आणि संघाने, लीगने, आम्ही ओरडणाऱ्यांनी त्याच्या मुठी तेवढ्या वापरल्या.

खंड्या

लालपंखी, असहमत. तुम्ही एकाच माणसाचे दोन तुकडे करताय. २९ गोल तुम्हाला हवेत आणि त्याच हंगामातली ३९८ पेनल्टी मिनिटं नकोत. गोलसमोर त्याला तेवढी मोकळी जागा का मिळायची? ढकलायला गेलं तर काय होईल, हे समोरच्या बचावपटूला माहीत होतं म्हणून! मुठी काढून घ्या, गोलही जातील.

दुसरं, त्या हंगामानंतर तो एकदाच विसावर पोचला, १९९१-९२ मध्ये. वीसच्या वर कधीच नाही. ते काय लीगने केलं? १९८८ च्या मे महिन्यात एडमंटनमध्ये उपांत्य फेरीच्या निर्णायक सामन्याच्या आदल्या रात्री तो बारमध्ये होता. १९८९ च्या मार्चमध्ये सीमेवर १४.३ ग्रॅम कोकेनसह पकडला गेला, तीन महिने तुरुंगात काढले. १९९४ मध्ये मोटरसायकलचा अपघात, तोही दारू पिऊन. डेट्रॉइटने नऊ हंगाम सांभाळून घेतलं आणि मग नाद सोडला. आणखी किती करायचं?

मालविका_विंडसर

मी डेट्रॉइटसमोर, नदीच्या कॅनडाकडच्या काठाला, विंडसरमध्ये, म्हणजे प्रोबर्टच्या गावात राहते. खंड्या, दारू त्याची त्यानेच प्यायली, याबद्दल वाद नाही. पण "सांभाळून घेतलं" हा शब्द मला खटकतो. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात अनेकदा पाठवलं हे खरं. परत आल्यावर काम कोणतं दिलं? तेच. आज रात्री समोरच्या संघात अमुक एक आहे, त्याच्याशी भिडायचंय, हे दुपारपासून डोक्यात घेऊन बसायचं. त्या माणसाला झोप कशी लागत असेल?

अटकेनंतरची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. १९९० मध्ये तो परत खेळायला लागला, पण अमेरिकेतून हद्दपारीची टांगती तलवार होती. कॅनडात गेला तर परत आत घेतील याची खात्री नाही, म्हणून १९९२ च्या डिसेंबरपर्यंत कॅनडातले सामने त्याच्याविनाच व्हायचे. डेट्रॉइटच्या नदीकाठावर उभं राहिलं की आमच्या विंडसरचे दिवे समोर दिसतात. घर दिसतंय आणि जाता येत नाही. जवळजवळ तीन वर्षं.

खंड्या

मालविकाताई, हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं. तरीही माझा मूळ मुद्दा तसाच आहे. हे काम फालतू नव्हतं. वेन ग्रेट्झकीला १९८८ मध्ये लॉस एंजेलिसला पाठवलं, तेव्हा त्याने आपला रखवालदार मार्टी मॅकसॉर्ली सोबत हवा असा आग्रह धरला. जगातला सर्वोत्तम खेळाडू उगाच असं मागेल का? आयझरमनला एवढी वर्षं मोकळं खेळता आलं ते कुणाच्या जिवावर?

लालपंखी

खंड्या, याच मुद्द्याची वाट बघत होतो. आयझरमनचा सर्वोत्तम हंगाम कोणता? १९८८-८९. ६५ गोल, ९० असिस्ट, १५५ गुण. आणि त्या हंगामात प्रोबर्ट किती सामने खेळला? पंचवीस. रखवालदार नसताना राजाने सगळ्यात मोठा पराक्रम केला.

खंड्या

अर्धंच सांगताय. जो कोसर होता की त्या वर्षी! प्रोबर्टचाच जोडीदार, आणि ठोसा त्याच्याहून जड. रखवाली चालूच होती. पुढे डेट्रॉइटने १९९६ च्या अखेरीस याच कोसरला परत बोलावलं. तेव्हा तो हौशी लीगमध्ये खेळत होता. १९९७ च्या अंतिम फेरीत पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला आणि संघाने ४२ वर्षांनी स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. प्रशिक्षकांना कळत नव्हतं असं म्हणायचंय का?

लालपंखी

कोसरचा मुद्दा मान्य, तो मी सोडायला नको होता. पण "राखण" आणि "तमाशा" यात फरक आहे. न्यूयॉर्कचा टाय डोमी फेब्रुवारी १९९२ मध्ये प्रोबर्टशी भिडला आणि कंबरेला विजेत्याचा पट्टा बांधल्यासारखी खूण करत गेला. झालं! दहा महिने सगळ्यांच्या तोंडी परतफेडीचीच भाषा. २ डिसेंबरला सामना सुरू होऊन मिनिटही झालं नाही तोवर दोघांचे हातमोजे बर्फावर. त्यात कुणाची राखण होती? कुणी कुणाला धक्का दिला होता?

त्या मारामारीचं चित्रण मिळालं तर प्रोबर्टकडे नाही, डेट्रॉइटच्या बाकाकडे बघा. आयझरमन, इतका शांत, सभ्य माणूस, उभा राहून हवेत पट्टा बांधल्याची खूण करतोय. मी तेव्हा टीव्हीपुढे नाचलो होतो. आज ते बघताना पोटात कालवतं.

गवती_चहा

आईस हॉकी मी कधी पाहिलेली नाही. पुण्यात मेंदूला मार लागलेल्या रुग्णांना फिजिओथेरपी देते, म्हणून लिहितेय.

प्रोबर्ट ५ जुलै २०१० ला सेंट क्लेअर सरोवरात बोटीवर असताना हृदयविकाराने गेला. वय ४५. मेंदू संशोधनासाठी द्यायचा हे त्याने आधीच ठरवलं होतं. २०११ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यात सीटीई हा मेंदूचा आजार आढळल्याचं जाहीर केलं. डोक्याला वर्षानुवर्षं मार बसत राहिला की मेंदूत ताऊ नावाचं प्रथिन साठत जातं, पेशी मरतात. विसराळूपणा, भडकणं, नैराश्य. पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. शेवटच्या काळात त्याची स्मरणशक्ती आणि राग या दोन्हींत फरक पडल्याचं पत्नीने सांगितलं होतं.

पण दोन्ही बाजूंनी जपून बोला. तो सीटीईमुळे गेला असं कुणी म्हटलेलं नाही. आणि किती नुकसान ठोशांनी झालं, किती नेहमीच्या टकरींनी, हेही त्या संशोधकांना वेगळं काढता आलं नाही. खंड्या, तुमच्यासाठी एक: व्यसन आणि मेंदूचा मार यांना दोन स्वतंत्र खात्यांत टाकता येत नाही. माझ्याकडच्या रुग्णांत सगळ्यात आधी जातो तो स्वतःवरचा ताबा. घरचे म्हणतात, "आधी असा नव्हता हो."

पहाटरिंक

टोरांटोहून. माझा मुलगा पंधरा वर्षांचा, पहाटे साडेपाचला रिंकवर असतो. मागच्या हिवाळ्यात एका सामन्यात त्याचं डोकं काचेवर आपटलं. बाकावर बसून त्याने शेजारच्याला तीनदा विचारलं, "स्कोअर किती झाला?" प्रशिक्षकाने पाठीवर थाप मारली आणि पुढच्या पाळीला परत बर्फावर पाठवलं. मी कठडा ओलांडून खाली गेलो. मुलगा हेल्मेटचा पट्टा सोडवत होता आणि बोटांना बक्कल सापडत नव्हतं. तो प्रशिक्षक वाईट माणूस नाही. तो अशाच दांडग्या खेळाडूंकडे बघत मोठा झालाय, एवढंच.

त्यामुळे मला गोल की मुठी हा वादच नको. मारामारी केली की सामन्यातून बाहेर, ऑलिंपिकमध्ये असतं तसं. विषय संपला.

खंड्या

पहाटरिंक, मुलगा आता बरा आहे ना? ते आधी सांगा.

मारामाऱ्या पूर्वीपेक्षा खूप कमी झाल्यात आणि फक्त ठोसे मारायला ठेवलेला गडी आता कुठल्याच संघाला परवडत नाही, हे चांगलंच झालं. त्याच २०११ च्या उन्हाळ्यात डेरेक बोगार्ड हा एन्फोर्सर २८ व्या वर्षी गेला, तेव्हा मीही हादरलो होतो. पण प्रोबर्टच्या काळात हे काम मानाचं होतं आणि त्याने ते मान राखून केलं. त्याला "बळी" म्हटलं की त्याची ती शानही आपण काढून घेतो. मला ते पटत नाही, पटणार नाही.

पहाटरिंक

बरा आहे. सहा आठवडे घरी होता. धन्यवाद.

लालपंखी

शान मी काढून घेत नाहीये खंड्या, जागा बदलतोय. टोरांटोचं मेपल लीफ गार्डन्स, १९३१ पासूनचं रिंक, तिथे एनएचएलचा शेवटचा सामना १३ फेब्रुवारी १९९९ ला झाला. तिथला एनएचएलमधला शेवटचा गोल कुणाचा? शिकागोकडून खेळणाऱ्या प्रोबर्टचा. लोकांना हे आठवत नाही, डोमीचा पट्टा आठवतो.

मालविका_विंडसर

मग हेही इथे असू दे. ९ एप्रिल २०१७ ला डेट्रॉइटच्या जो लुईस अरीनात रेड विंग्जचा शेवटचा सामना झाला. त्या दिवशी प्रोबर्टच्या घरच्यांनी त्याच्या थोड्या अस्थी तिथल्या पेनल्टी बॉक्समध्ये विखुरल्या.

खंड्या

बघा लालपंखी. घरच्यांनीच जागा निवडली.

लालपंखी

निवडली. ३३०० मिनिटं म्हणजे ५५ तास, आणि त्यातली २०९० मिनिटं डेट्रॉइटसाठी. त्यांचा माणूस, त्यांचा हक्क, मी काय बोलणार. मला विचारलं असतं तर मी गोलसमोरच्या निळ्या भागापाशी सांगितलं असतं, जिथे तो पाठीवर दोघांना घेऊन उभा राहायचा.

मालविका_विंडसर

तो बर्फ दर हंगामाला वितळवून टाकतात, लालपंखी. पेनल्टी बॉक्सची जमीन तरी राहते, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता ते रिंकही पाडलंय.