पंप आपोआप चालू होतो? आधी कॉक बंद करून बघा

कॅम्परमध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, नळ बंद असताना पाण्याचा पंप दर पाच-दहा मिनिटांनी क्षणभर चालला, की भिंतीतला पाइप फुटला असणार, असं बरेच जण म्हणतात. भिंतीच्या फळ्या उचकटण्याआधी एक करा. पंपाच्या आउटलेटला लागूनच कॉक लावा, प्रेशर भरू द्या आणि कॉक बंद करा. तरीही पंप चालू झाला, तर दोष पंपातच: बहुधा त्याचा चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) पाणी टाकीकडे परत सोडतोय. पंप गप्प राहिला तर गळती पुढे आहे.

मग प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवा. हीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, टॉयलेटचा व्हॉल्व्ह आणि बाहेरच्या नळाची नळी गाडीला जिथे जोडतात ते इनलेट आधी. इनलेटचा चेक व्हॉल्व्ह गेला की पाणी गाडीबाहेर ठिबकतं, आत सगळं कोरडं. इथेच बरेच जण फसतात.

१९९५ च्या आधीच्या गाडीत करडा पॉलिब्युटिलीन (जुन्या प्रकारचं प्लास्टिक) पाइप असेल तर दोष बहुतेकदा प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये सापडतो. एकेक जोड बदलत बसण्यापेक्षा ती पूर्ण लाइन पेक्सची (लवचिक प्लास्टिक पाइपची) करा. शंकूच्या आकाराचा वॉशर असलेल्या नटला टेफ्लॉन टेप लावू नका, सील वॉशर करतो, आटे करत नाहीत. हाताने घट्ट, वर फार तर पाव फेरा. जास्त आवळलं की नट तडकतो, तोही बऱ्याचदा काही दिवसांनी.

बाहेरच्या नळाला जोडताना पाण्याचा दाब मर्यादित ठेवणारा रेग्युलेटर हवाच, ४० ते ५० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक).

फक्त टाकी भरलेली असतानाच ओल येत असेल तर हे सगळं सोडा, टाकीचं वरचं फिटिंग तपासा.