मेंदू पोखरतो म्हणे!

घाटावरचा
सोसायटीच्या गटावर काल एक ढकलपत्र आलं. सार असं : गेम म्हणजे डिजिटल कोकेन, रोज तासभर खेळणाऱ्या पोराचा मेंदू आतून पोखरतो, 'लंडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय'. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. आमच्या चिरंजीवांनी ते वाचून विचारलं, "बाबा, माझा किती पोखरलाय?" म्हणून हा धागा.

लंडनचा तो प्रयोग १९९८ चा. 'नेचर'मध्ये आला होता. रणगाड्याचा गेम खेळताना मेंदूचं स्कॅन केलं, डोपामिन (बक्षीस मिळालं की मेंदूत वाढणारं रसायन) वाढलेलं दिसलं. माणसं किती? ८. आमच्या भिशीत याहून जास्त आहेत. शिवाय पुढची पातळी गाठली की रोख पैसे मिळत होते. मग डोपामिन रणगाड्याने वाढलं की पैशाने? आणि वाढलं म्हणजे पोखरलं कसं? पाणीपुरीवाल्याने सुकी पुरी हातावर ठेवली तरी आमचं वाढत असणार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, २०२२ पासून लागूही आहे. पण निकष बघा : ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर. मे महिन्यात चार तास खेळला की लगेच व्यसनी?

मावशीबाई
"साधारण वर्षभर" वाचून हसू आलं. माझा भाचा, बारावीत. पहाटे तीनपर्यंत पब्जी. ताई ताट दाराबाहेर ठेवायची, सकाळी तसंच, वरणावर साय धरलेली. २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. आठ दिवसांत पोरगं दुसऱ्या गेमवर. असे चौदा महिने. तुमची आठ माणसं तुम्हाला लखलाभ, आम्हाला एकच पुरला.

घाटावरचा
मावशी, तुमचा भाचा निकषांत बसतोच. मी कुठे नाही म्हटलं?

बाराखडी
पोरांच्या मेंदूची काळजी करणारे हे बाप एक्स्पायरीच्या, म्हणजे शेअर बाजारातल्या सौद्यांची मुदत संपण्याच्या, दिवशी काय करतात तेही लिहा की. आमच्या ऑफिसात त्या दिवशी संडास रिकामा मिळत नाही, आत प्रत्येक जण निफ्टी चढेल की पडेल यावरचे कॉल-पुट सौदे घेऊन बसलेला. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच सांगितलंय, २०२१-२२ ते २०२३-२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधले १०० पैकी ९३ किरकोळ लोक तोट्यात. पोरगं निदान फुकटात हरतं.

नफ्यातला
ट्रेडिंग हे कौशल्य आहे. स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्यावर बाहेर पडायची मर्यादा, लावता येत नाही त्यांनी करू नये. गेमशी तुलना म्हणजे निव्वळ अडाणीपणा.

बाराखडी
तिन्ही वर्षांचा हिशेब टाका इथे. आयडीच्या नावाला जागा.

नफ्यातला
वैयक्तिक होऊ नका. मागचा तोटा यंदा जवळजवळ भरून निघालाय, दिवाळीपर्यंत पूर्ण निघेल.

मावशीबाई
आमचा म्हणायचा, "एवढी एक मॅच."

नफ्यातला
तुम्हाला बाजारातलं काय कळतं हो?

मावशीबाई
एकवीस वर्षं बँकेत काढली. सोनं गहाण ठेवायला येणाऱ्यांचे चेहरे कळतात.

ओपीडीवाला
शेअर बाजार आवरा, मूळ विषयावर येतो. मानसोपचार विभागात काम करतो. गेमिंगसाठी आणलेल्या पुष्कळ मुलांत उदासी, चिंता किंवा एडीएचडी (लक्ष न टिकण्याची, अतिचंचलतेची अवस्था) सापडते, कित्येकदा गेमच्या आधीपासूनची. स्कॅनमध्ये फरक दिसले तरी बरेचसे अभ्यास एकाच वेळी काढलेल्या फोटोसारखे. गेममुळे मेंदू तसा झाला की तशा मेंदूला गेम चिकटला, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. पण घाटावरचे, "आठच माणसं" म्हणून खिल्ली उडवणंही सोपं आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून गेम-मोबाइलच्या अतिवापरावरचं शट क्लिनिक चालतं, ते हौस म्हणून नाही.

घाटावरचा
बरं बाबा, भिशीचं वाक्य मागे. पाणीपुरीचं ठेवतो.

मावशीबाई
ओपीडीवाले, "आधीपासूनची" हा तुमचा शब्द दुपारपासून डोक्यात आहे. त्या वर्षी जूनमध्ये भावजी गेले. पोरगं खेळायचं ते त्यांच्याच फोनवर. ताईने नवा घेऊन दिला होता, तो खोक्यातच पडून होता.

घाटावरचा
मावशी, हे आधी लिहायचंत ना.

मावशीबाई
तुम्ही माणसं मोजत होतात.

नफ्यातला
माझ्या स्टॉपलॉसच्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.