मदत हवी आहे : टेल्मो झाराला हेडिंग ९७ दिलं, तरी डोक्याने गोल होत नाहीत

नमस्कार मंडळी,

पेस २०२१ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये, एडिट मोडात (इथे खेळाडूंचे गुण आकड्यांत ठरवता येतात), १९५० चा स्पॅनिश क्लब अ‍ॅथलेटिक बिल्बाओ उभा करतोय. पुढची फळी इरिओंदो, वेनान्सियो, झारा, पानिझो, गाइन्झा. चौघांचं बऱ्यापैकी जमलं, गाडी अडलीय ती झारापाशी. तीन आठवडे आकडे टाकतोय आणि खोडतोय.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी : बिल्बाओजवळच्या एरांदिओचा, स्टेशनमास्तरांचा मुलगा. १९४० ते १९५५ अ‍ॅथलेटिककडून खेळला. ला लिगात (स्पेनची अव्वल लीग) पावणेतीनशेच्या आसपास सामन्यांत २५१ गोल. हा आकडा मेस्सीने ओलांडला तो थेट नोव्हेंबर २०१४ मध्ये. पिचिची, म्हणजे लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा मान, सहा वेळा. १९५०-५१ ला ३० सामन्यांच्या हंगामात ३८ गोल. स्पेनकडून २० सामन्यांत २०. आणि १९५० च्या स्पॅनिश कप फायनलला वायादोलिदचा ४-१ ने पराभव झाला, त्यातले चारही याचे.

त्या काळी म्हणायचे, चर्चिलनंतर युरोपातलं सगळ्यात भारी डोकं झाराचं. त्यामुळे हेडिंग ९७ देताना मी विचारही केला नाही. माझे आजोबा कोल्हापुरात पेठेच्या संघातून खेळायचे. ते सांगायचे की चामड्याचा चेंडू पावसात भिजला की दगडासारखा व्हायचा, आणि शिवणीची वादी कपाळावर बसली तर वळ उठायचा. भुवईच्या वरचा एक व्रण ते बोट ठेवून दाखवायचे. तसल्याच चेंडूवर, बिल्बाओच्या पावसाळी हवेत, हा माणूस पंधरा वर्षं डोक्याने गोल करत होता. ९७ जास्त नाहीच.

पण खेळून बघितलं तर भलतंच. दहा सामने खेळलो, त्यात झाराचे अकरा गोल, आणि डोक्याने फक्त दोन. बाकी सगळे पायाने, बॉक्समध्ये सुटलेल्या चेंडूवर. गोल होतायत, पण हा झारा वाटत नाही.

माझे सध्याचे आकडे : ऑफेन्सिव्ह अवेअरनेस ९५, फिनिशिंग ९२, हेडिंग ९७, किकिंग पॉवर ८६, जंप ८४, फिजिकल कॉन्टॅक्ट ८०, स्पीड ८२, ड्रिबलिंग ७४. प्लेइंग स्टाइल गोल पोचर. फिनिशिंग कमी करायचा मोह होतो, पण हात धजत नाही. २ जुलै १९५० ला माराकानात इंग्लंडला १-० ने घरी पाठवणारा गोल त्याने पायानेच केला होता. उजवीकडून अलोन्सोचा क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू), डावीकडे गाइन्झाने डोक्याने आत वळवला, आणि झाराने गोलरक्षक विल्यम्सला चकवून आत टाकला. त्या वर्ल्ड कपमध्ये त्याचे चार गोल, स्पेन चौथा. नुसता डोकेवाला म्हणून मोजलं तर अन्याय होईल.

अ‍ॅग्रेशन मात्र मी मुद्दाम खाली ठेवलंय. मालागाविरुद्ध गोलरक्षक जखमी होऊन पडला, समोर गोल मोकळा, तर याने चेंडू बाहेर मारला होता.

विचारायचं ते हे : हेडिंग ९७ असूनही चेंडू डोक्यावर का येत नाही? आणि स्पीड ठरवताना त्या काळच्या बचावपटूंच्या मानाने ठरवायचं की आजच्या? जाणकारांनी जरूर सांगा.

प्रतिसाद १

हेडिंगचा आकडा चेंडू डोक्याला लागल्यानंतर कामाला येतो. तिथवर पोचायला जंप आणि फिजिकल कॉन्टॅक्ट लागतात, आणि तुमचे दोन्ही मध्यम आहेत. सेंटर बॅकच्या खांद्याला खांदा लागला की तो मागे पडत असणार. जंप ९२, फिजिकल कॉन्टॅक्ट ८८ करून बघा, शिवाय हेडिंगचं स्किल कार्ड द्या, म्हणजे चेंडू खाली दाबून मारेल. गोल पोचर काढा. तो बचावाच्या मागे पळायला बघतो, क्रॉसच्या वेळी बॉक्समध्ये थांबत नाही. फॉक्स इन द बॉक्स बरा.

पण खरं दुखणं मला दुसरीकडे दिसतं. गाइन्झाला लॉफ्टेड पास (उंच उचलून दिलेला पास) किती दिलाय? ते लिहिलंच नाही तुम्ही. झाराचं डोकं जेवढं झाराचं, तेवढंच गाइन्झाच्या डाव्या पायाचं. त्याला ९० च्या वर न्या, क्रॉस स्पेशालिस्ट करा, पिनपॉइंट क्रॉसिंग द्या, आणि संघाचं आक्रमण वाइड ठेवा.

प्रतिसाद २

स्पीड त्या काळच्या मानानेच ठरवावा. जुन्या खेळाडूला आजच्या बचावपटूशी तोलायला गेलात तर सगळी फळी पासष्टवर येईल आणि संघ खेळवण्यात अर्थच राहणार नाही. ८२ ठीक आहे. अ‍ॅक्सिलरेशन मात्र त्याहून चारपाचने जास्त हवं, बॉक्समधल्या पहिल्या दोन पावलांवरच त्याचे गोल होते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गाइन्झाला लॉफ्टेड पास ८१ होता! ड्रिबलर म्हणून सगळे गुण मी तिकडेच ओतले होते. आता ९१ केला आणि बाकी सगळं तुम्ही सांगितलं तसं. काल रात्री सहा सामने खेळलो, झाराचे सात गोल, पाच डोक्याने. त्यातला एक तर असा की गाइन्झाने रेषेला चिकटून चेंडू उचलला, झारा दोघांच्या मधून उठला आणि चेंडू गोलरक्षकाच्या पायाजवळ टप्पा घेऊन आत गेला. रिप्ले चार वेळा बघितला.

फिनिशिंग ९२ तसंच ठेवतोय. आता पानिझोचं थ्रू पासिंग राहिलंय. त्याबद्दल इथेच विचारू की वेगळा धागा काढू?